चार्जरसाठी रकाना नाही

आमच्या अंगणवाडीत अकरा रजिस्टरं आहेत. वजनाचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, पाहुणे आले तर त्यांच्या शेऱ्याचं वेगळं. पण एकातही चार्जरसाठी रकाना नाही! त्यामुळे चार्जरचे किस्से तोंडीच साठत जातात आणि महिन्याच्या मीटिंगनंतर आम्ही सेविका चहाला बसलो की बाहेर पडतात. पूर्वी आम्ही सासवांबद्दल बोलायचो. आता सासवा सुटल्या.

माझं केंद्र पुण्याजवळच्या मांजरी गावात. आम्हाला कामासाठी एक फोन दिलाय, त्यात एक ॲप. आहाराचं पाकीट द्यायचं तर आधी त्या ॲपमध्ये आईचा फोटो जुळायला हवा. ॲप दुसऱ्या फोनवर उघडत नाही. म्हणजे हा फोन बंद पडला की पाकिटं कपाटात.

आमचा मूळचा चार्जर गेला तो परीमुळे. परी चार वर्षांची. एकदा खिचडी वाढून झाली आणि ही बया भिंतीपाशी जाऊन चार्जरच्या भोकात एकेक शीत कोंबत होती. मी ओरडले, तर मलाच म्हणते, "बाई, तो रोज उपाशीच बसतो ना!"

चार्जर जेवला आणि गेला.

*

त्याच आठवड्यात रेखा यायला लागली. यवतमाळकडची, नवऱ्याबरोबर इथल्या नव्या टॉवरच्या बांधकामावर आलेली. तिची सोनू नऊ महिन्यांची. दंडाला मापाची पट्टी लावली तर ती लाल रंगावर थांबली. लाल म्हणजे पोर फार अशक्त, पाकीट आजच्या आज हवं. मी फोटोशिवायच देऊन टाकलं. चार दिवसांत मेमो आला, "पुन्हा असे घडल्यास" वगैरे!

मी सुपरवायझर मॅडमना फोन केला. स्वतःच्या फोनवरून.

"मॅडम, चार्जर जळालाय. नवा मिळेल का?"

"अहो ताई, तक्रार ॲपमध्येच नोंदवायची. तोंडी घेत नाही आम्ही."

"पण मॅडम, फोनच बंद आहे."

"मग चालू झाला की नोंदवा!"

*

शेवटी म्हटलं, आपणच चांगला चार्जर आणू. नारायण पेठेत एक काका बसतात, माल खरा ठेवतात असं ऐकलं होतं. दोन बस बदलून गेले.

"काका, चांगल्यातला चार्जर दाखवा ना."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "वाईटातलाही आहे. पण तो मागायला अजून कोणी आलेलं नाही."

"ओरिजिनल आहे का?"

"ओरिजिनल फोनबरोबर आला होता. त्याचं काय केलंत?"

मी खिचडीचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"बरं, याची गॅरंटी?"

"आहे ना. आमच्या पायरीपर्यंत!"

एवढं ऐकूनही मी तो घेतला, कारण सोनूचा दंड डोळ्यांसमोरून जात नव्हता. तो चार्जर रात्रभर लावला तरी चारच टक्के भरायचा आणि कॅमेरा उघडला की फोन सहा टक्के खायचा. रेखा आली. ॲपनं सांगितलं, डोळे मिचकावा. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा फोननं मिटले होते.

"आता काय करू जी?" ती विचारायची. मी म्हणायचे, उद्या ये. असं तिला मी किती वेळा म्हणाले, ते मोजायची माझी हिंमत नाही.

*

शेजारच्या केंद्रावरच्या वैशालीचं वेगळंच. तिचा चार्जर चांगला होता, पण पिन एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच चालायचा. विटेनं दाबला, तूरडाळीच्या पाकिटानं दाबला, जमेना. मग तिच्या मदतनीस शांताबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि अंगठ्यानं पिन दाबून धरायच्या. मुलांची गाणी, गोष्टी सगळं तिथूनच.

एक दिवस अचानक साहेब तपासणीला आले. सगळे उभे राहिले, शांताबाई बसूनच!

साहेब म्हणाले, "या बाई उठत का नाहीत?"

वैशाली म्हणाली, "सर, या उठल्या की अंगणवाडी बंद पडते."

साहेबांनी शेऱ्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, "मदतनीस कामात तत्पर."

*

आमच्या केंद्रासमोर तात्यांचं घर. ऊस होता तेव्हापासूनचे. आता ऊस गेला, तिथे टॉवर आलेत आणि तात्या दिवसभर ओट्यावर बसून असतात. माझी परवड बघून एकदा स्वतः आले.

"ताई, ह्यो घ्या. पोराचा हाय, लई फास्ट. अर्ध्या तासात फुल!"

खरंच, वीस मिनिटांत साठ टक्के! मला आनंदानं काही सुचेना. शेजारच्या पोरीला साइटवर पळवलं, रेखाला बोलावून आण म्हणून. रेखा त्या दिवशी स्लॅबच्या कामावर होती, मुकादम सोडेना. ती येईपर्यंत फोन इतका तापला की मी तो माठावर ठेवला. मग पाठीमागचं झाकण हळूहळू वर आलं. बॅटरी फुगून फोन बंद पडला होता.

तात्यांनी फोन हातात घेऊन सगळीकडून बघितला.

"आरं तिच्या! ह्या अंगणवाडीत अंगानं भरल्यालं ह्ये पयलंच दिसतंय!"

मी हसले. मग लक्षात आलं की सोनूला कडेवर घेऊन रेखा दारात उभी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

बॅटरी बदलून आणली, पण चार्जर पुन्हा काकांचाच. महिना संपत आला. शेवटच्या दिवशी सकाळी रेखा आली ती पिशव्या घेऊनच.

"ताई, हे घ्या जी. चार्जर हाये, कंपनीचा. आमचा फोन इकला, घेनाऱ्यानं चार्जर नाही नेला."

"विकला कशाला गं?"

"सोनूले दवाखान्यात न्या लागलं. आता इथचं काम सरलं, ठेकेदार दुसऱ्या साइटवर नेऊन राह्यला. तुमचा फोन नेहमी बंद रायते ना, म्हनून आनला. कोन्या दुसऱ्या बाईच्या कामी येईन."

मी पिन लावली. स्क्रीनवर रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं, मग त्यात हिरवी रेघ. "थांब गं, दहा मिनिटांत फोटो काढू," मी म्हणाले आणि पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ती सोनूला मांडीवर घेऊन दारात बसली.

तीन टक्के झाले. पाच झाले. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"जाते जी ताई," म्हणत ती उठली.

"अगं, दोनच मिनिटं! सात झालेत!"

टेम्पो गेला. पाकीट टेबलावरच होतं, माझ्या हाताशी.

दुपारी महिन्याच्या नोंदी भरायला बसले. रेखाचं नाव आलं आणि ॲपनं विचारलं, लाभार्थीने आहार का नेला नाही? पर्याय तीनच होते. आजारी. परगावी. इच्छुक नाही.

मी बघत बसले. फोन शंभर टक्के भरला होता. काही केल्या बंद पडेना!