बैलजोडीसारखे मासे

साठच्या दशकात वडिलांनी अकोल्याच्या घरी काचेची टाकी आणली आणि मासे निवडायला काकांना बसवलं. माशांतलं त्यांना काय कळत होतं? पण बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा त्यांच्या गावी, बाळापुरात कोणी नव्हता.

"जोड रंगानं, अंगानं सारखा पायजे," म्हणत त्यांनी बादलीतून दोन हुबेहूब सारखे तिलापिया मासे काढले. दोघेही नर निघाले.

दोघांनी दोन कोपऱ्यांत वाळू उकरून घरट्यासाठी खड्डे केले. मग ते खाणं सोडून समोरासमोर येऊन तोंडाला तोंड भिडवू लागले. एक मेला, ओठ फाटून. काकांनी तसाच दुसरा आणला. तोही गेला.

संध्याकाळी दिवा लागला, की उरलेल्याला काचेत स्वतःचं रूप दिसे आणि तो धडका देत राही.

काका म्हणाले, "आता याले बरोबरीचा भेटला."