दादाची इम्युनिटी कमजोर नव्हती

मित्रांनो, आज सकाळी ग्वारीघाटावर माझ्या दादाचं श्राद्ध होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला तो. पिंडदान आटोपलं आणि काका पंडितजींना सांगू लागले, "क्या बताएं, लड़के की इम्युनिटी ही कमजोर थी."

माझं डोकंच फिरलं.

दादा फॅक्टरीच्या कबड्डी टीमचा कॅप्टन होता. त्याला ताप आला तेव्हा हेच काका म्हणाले होते, "दवाखान्यात काहून नेता? तगडी इम्युनिटी आहे त्याची. काढा द्या, बस." आठ दिवस आम्ही ऐकलं. मग त्याला धाप लागली.

दवाखान्यात नेलं तेव्हाच डॉक्टरांनी समजावलं होतं. व्हायरस आता कमी झालाय, पण त्याच्याशी लढणारी शरीराची फौज थांबायचं नाव घेत नाही. ती आता दादाच्याच फुप्फुसांवर उलटली आहे.

कमजोर काय होतं त्यात? इतकी वर्षं काकांना हेच सांगून राहिली मी.

निघताना काकांनी माझ्या हातात काढ्याचं पाकीट ठेवलं. "तू तरी घेत जा, बेटा."

तुम्ही काय बोलला असता? मी पाकीट घेतलं. तेव्हाही असंच घेतलं होतं, आणि रोज उकळून दादाला मीच पाजत होते.