गाडीघराचे आतले दार

भिंत बांधण्यापेक्षा भिंत न बांधण्यात ज्याची अधिक हयात गेली, असा गवंडी या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. मुळशी तालुक्यात त्याने उभी केलेली घरे मोजकीच. पण त्याने उभी राहू न दिलेली घरे मोजायला बसलो तर हातापायांची बोटे पुरणार नाहीत. एका गावी तर त्याने छातीपर्यंत आलेली भिंत एका सकाळी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली, आणि घरमालकाने आरडाओरडा केला तेव्हा शांतपणे सांगितले, "भितीचं मन न्हवतं हितं. मला दोन दिस झालं कळत हुतं." तो घरमालक तालमीतला पैलवान होता, तरी त्याने ते ऐकून घेतले. मी पैलवान नव्हतो. तेव्हा माझे काय झाले असेल ते निराळे सांगायला नको. तरीही सांगतो आहे, कारण लिहिण्यासारखे माझ्या आयुष्यात फार थोडे घडले, आणि जे घडले त्यातले बरेचसे त्या माणसाने घडवले.

मी डॉक्टर आहे. हे वाक्यसुद्धा चारचौघांत मी कधी एका दमात उच्चारलेले नाही. पदवी मला पुष्कळ उशिरा मिळाली. लेखी परीक्षेत सर्व काही येत असे, पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नाव विचारले तरी मी क्षणभर विचारात पडे. शहरात दवाखाना थाटून लोकांना आपल्याकडे ओढण्याचा आपला वकूब नाही, हे ओळखून चाळिशीच्या सुमारास मी पिरंगुटच्या पुढे, भरे गावाच्या वाटेला थोडी जागा घेतली. त्या काळी त्या रस्त्याने दिवसातून दोनदा सर्व्हिस मोटार जाई. येथे माणसे कमी, म्हणजे बोलणेही कमी, असा माझा साधा हिशेब. आजारी माणसाविषयी माझी कधीच तक्रार नव्हती. तो बोलतो, एवढीच काय ती अडचण.

घराचा नकाशा मी स्वतः काढला होता. समोर ओसरी, तिच्या डाव्या अंगाला तपासायची खोली, मागे माजघर, स्वयंपाकघर आणि माझी एक लहानशी खोली. आणि उजव्या अंगाला, घराला चिकटूनच, गाडी ठेवायची जागा. त्या जागेतून परस्पर घरात यायला एक आतले दार हवे, असा माझा हट्ट होता. माझ्यासारख्याच्या हट्टाला हट्ट म्हणणे धाडसाचे आहे, पण होता. ताम्हिणीकडून निघालेला पाऊस आमच्याकडे आला की चार चार दिवस उसंत देत नाही, तेव्हा गाडीतून उतरल्यावर भिजायला नको, असे कारण मी सर्वांना देत असे. खरे कारण निराळे होते. ओसरीवर बसलेल्या रोग्यांच्या नजरा चुकवून मला गुपचूप मागल्या खोलीत शिरायचे होते. तिथे हातपाय धुवावेत, चहा घ्यावा, थोडा धीर गोळा करावा, आणि मग अर्ध्या तासाने, जणू दुपारपासून घरातच होतो अशा चेहऱ्याने बाहेर यावे. म्हणून ते दार अगदी मागल्या कोपऱ्यात हवे होते. हे मी कोणाला सांगितले नव्हते, पत्नीलाही नाही.

गवंडी साठीकडे झुकलेला, चिपाडासारखा बारीक. भिंतीचा सरळपणा पाहायचा ओळंबा तो गळ्यात ताइतासारखा घालून हिंडे, आणि मनात आले की कशालाही लावी: झाडाला, विजेच्या नव्या खांबाला, मारुतीच्या देवळाच्या कळसाला. कळस कलला आहे असे त्याने जाहीर केल्यापासून गावच्या पुजाऱ्याने त्याच्याशी बोलणे टाकले होते. दगड हातात घेतला की आधी तो त्याच्यावर हातोडीचा हलका टोला मारी, कानाशी नेई, आणि मग त्याच्याशी बोले. "तू न्हाई हितं बसायचं. तुला त्या खिडकीखाली बसवतो, वारं लागंल," असे एका काळ्या पाषाणाला समजावताना मी स्वतः ऐकले आहे, रोग्याशी इतक्या मायेने मला आजवर बोलता आलेले नाही. मी पुण्याहून मोजमापाची नवी फीत आणली, ती त्याने दोन बोटांत धरून परत दिली. "ही फीत ऱ्हानार हाय व्हय घरात? तुमी ऱ्हानार. मग माप तुमचं पायजे." आणि त्याने गळ्यातला ओळंबा काढून माझ्या खांद्याशी धरला, एक डोळा मिटला आणि निदान केले, "डाक्टरसायेब, तुमी वाईच मागं कलताय." आयुष्यभर माणसांपासून मागे सरत आलेल्या मनुष्याचे याहून अचूक निदान कोणी केले नसेल.

पाया खणण्यापूर्वी त्याने सबंध घर जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी आखले, आणि मला व पत्नीला हुकूम सोडला, "आता आठ दिस ऱ्हाऊन बगा." आम्ही त्या वेळी गावातच एका खोलीत बिऱ्हाड केले होते. रोज सकाळी आम्ही त्या उघड्या माळावर येऊन, नसलेल्या घरात राहत असू. पत्नीला त्यात विलक्षण रस वाटू लागला. ती स्वयंपाकघराच्या चौकोनात बसून तांदूळ निवडी, आणि मी चुकून रेघ ओलांडली की ओरडे, "अहो, भिंत!" गवंडी दगडावर बसून पाहत असे. मी ओसरीतून माजघरात जाताना अदृश्य दार उघडले नाही, तर तो मला मागे बोलवी. "भितीतनं कुटं चालला सायेब? कडी काढा की!" मी कडी काढी. हवेतली कडी काढताना मी उजव्या हाताची दोन बोटे वर करतो, हे गावात लवकरच सर्वांना पाठ झाले. मोळी घेऊन जाणाऱ्या बायका थांबत. एक दिवस त्यांच्यातली म्हातारी पत्नीला कळवळून म्हणाली, "बाई, नवऱ्याला लिंबू उतरवा वो. शिकून शिकून झालं आसंल." भिडस्त माणसाला याहून मोठी शिक्षा कोणत्याही कायद्यात नसेल, आणि ती मी भोगली, कारण 'नको' म्हणायचे धैर्य मला नव्हते.

त्यानंतर मी पंधरा दिवस शहरात अडकलो. परत आलो ते जुनी मोटार घेऊनच. आता येथे एक कबुली देतो. आरंभापासून मी गवंड्याला "गाडी ठेवायची खोली" असे सांगत आलो होतो. 'मोटार' म्हणणे मला बढाईचे वाटत होते. बाकी घराच्या आधी गाडीघरच त्याने बांधायला घेतले होते: तीन भिंती पुऱ्या, घराकडची चौथी गुडघ्यापर्यंत. मी मोटार घेऊन आत आलो तो गवंडी दारात हळदकुंकवाचे ताट आणि बगलेत कडब्याची पेंढी घेऊन उभा. त्याने मोटारीच्या पलीकडे पाहिले, अलीकडे पाहिले.

"बैलं मागनं येत्यात व्हय?"

"बैल नाहीत, मिस्त्री. गाडी म्हणजे... ही."

त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली. ओळंबा लावून पाहिला. "ही बी कलतीया," म्हणाला. आणि आणलेले हळदकुंकू वाया जाऊ नये म्हणून दोन्ही दिव्यांच्या मध्ये लावले. मग मी आत पाहिले. मागल्या कोपऱ्यात, जिथे माझे ते गुप्त दार यायचे होते अगदी तिथेच, काळ्या दगडाची, घासून गुळगुळीत केलेली, दोन बैलांना पुरेल अशी गव्हाण उभी होती. असले देखणे काम त्याने घरभर दुसरे केले नाही.

"ही काढावी लागेल," मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा बेत होता, तोंडातून निघाले ते "छान झाली आहे."

दाराचा प्रश्न अशा रीतीने पेटला. पत्नीचे म्हणणे, दार स्वयंपाकघरात काढा. धान्याची पोती गाडीतून परस्पर कणगीत. गवंड्याचे म्हणणे, दार ओसरीत, पुढच्या टोकाला, रोग्यांच्या बाकाच्या अगदी समोर. आणि मी गव्हाणीकडे बोट दाखवून पुटपुटत होतो, "मागे असते तर... पावसाचे..."

"ओसरीतनं आलं तर पाऊस लागतोय व्हय?" गवंडी म्हणाला. "बसा. करून बगू."

घर अजून फक्कीचेच होते. त्याने चुना मळायच्या घाणीवरच्या म्हाताऱ्याला आणि दोन पाथरवटांना बोलावून ओसरीच्या चौकोनात रोगी म्हणून बसवले. म्हाताऱ्याला काम आवडले. तो लगेच "आय आय गं" करीत आडवा झाला. मला बॅग देऊन गव्हाणीजवळून आत जायला सांगितले. मी बोटे वर करून कडी काढली, माझ्या खोलीच्या रेघांत शिरलो, दगडावर बसलो. पत्नीने हवेतला चहा दिला. मी तो घेतला. ऊन चढले. म्हाताऱ्याचे कण्हणे थांबले. एक पाथरवट उठून म्हणाला, "मिस्तरी, डाक्टर आलं का न्हाई आजून?"

"तेच तर," गवंडी म्हणाला. "ह्येस्नी कसं कळावं?"

मी आतून, म्हणजे सहा हातांवरून, सारे ऐकत होतो. माझे कान तापले. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले, हे मला कळले. गवंडी रेघ ओलांडून आत आला. आजवर प्रथमच त्याने कडी काढली नाही.

"माज्या थोरल्या पोरीला ताप हुता," तो खाली बसत म्हणाला. "शहरात एका डाक्टरच्या वट्यावर नेऊन बसलो. बसलो ते दिवं लागंस्तवर. समदी म्हणत्यात, डाक्टर यायचा हाय. त्यो मागल्या दारानं कवाच आला हुता. जेवला, निजला. वाईट माणूस न्हवता वो. त्येला ठावं न्हवतं, आमास्नी ठावं न्हवतं. मदी नुसती भित हुती."

"मग?" पत्नीने विचारले.

"मग काय, वैनी. परत फिरलो. भूगावच्या अलीकडं वाटंतच गेली." त्याने माझ्या खोलीची एक रेघ पायाने पुसली आणि पुन्हा नीट केली. "भित सरळ असली म्हंजी झालं आसं न्हाई. दार कुटं हाय त्ये बगावं लागतं."

मी उठलो, ओसरीच्या पुढच्या टोकाला गेलो, आणि बाकाच्या समोर, हवेत दोन बोटे वर करून कडी काढली. माझ्या आयुष्यातला हा एकमेव ठाम निर्णय, तोही मूकाभिनयात.

दार तिथे झाले. चौकट सागाची, फळ्या जाड, आणि बिजागऱ्या गवंड्याने स्वतः लोहाराकडे बसून घडवून घेतलेल्या. पहिल्या दिवशी ते दार उघडले तेव्हा असे करकरले की समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. मी तेलाचे नाव काढताच त्याने हात जोडले. "त्याला तेल घालू नका, सायेब. तुमी बोलत न्हाई, दार तरी बोलू द्या." गव्हाण तशीच राहिली. तिच्यात मी मोटारीचे जुने टायर आणि पेट्रोलचा डबा ठेवू लागलो. पण पोळ्याला पत्नी तिला हळदकुंकू वाहते, आणि मोटारीलाही.

काम संपल्यावर गवंडी गेला नाही. रोज संध्याकाळी तो रोग्यांच्या बाकावर येऊन बसे. त्याला काही होत नसे. मी व्हिजिट करून परतलो, दार करकरले, की तो गर्जे, "आलं बगा!" आणि ओसरीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळत. पहिले वर्षभर मी मान खाली घालून थेट तपासायच्या खोलीत शिरे. पुढे मी "काय म्हणता?" एवढे म्हणायला शिकलो. आणखी काही वर्षांनी उत्तर ऐकून घ्यायलाही शिकलो. मागे कलणे पुरते गेले नाही. परंतु ओळंबा लावला तर दोन बोटांनी सुधारलो असेन.

गेल्या पावसाळ्यात तो आजारी पडला, त्याला बाकापर्यंत येणे जमेना, तेव्हा त्याच्या घरी जाऊन मी त्याला तपासत असे. म्हातारपणापुढे माझ्या बॅगेत फारसे काही नव्हते. शेवटी शेवटी त्याचा एकच प्रश्न असे.

"दार वाजतंय न्हवं?"

"वाजतं."

"बेस."

आता पत्नी अधूनमधून म्हणते, "अहो, थेंबभर तेल घाला हो त्या दाराला. शेजारची माणसे दचकतात." मी हो म्हणतो. तेलाचा डबा मी गव्हाणीत, जुन्या टायरांमागे, तिला सापडणार नाही असा लपवून ठेवला आहे. संध्याकाळी परत येतो, मोटार लावतो, दार ढकलतो. ते करकरते, ओसरीवरची माणसे माना वळवतात, आणि मी उगीच क्षणभर चौकटीत थांबतो. बाकावरून कोणी काही ओरडत नाही.

मग मीच म्हणतो, "आलो."