तांदळातलं नाव

सुनंदाताई गेल्याचं मला रिफाच्या सिग्नलवर कळलं. त्यांच्या मुलाचा, नितीनचा फोन. "काका, आई गेली. कागदांचं काय काय लागतं, तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. बहारीनमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना कागदांचं काही विचारायचं असलं, की आम्ही ज्यांना फोन करत होतो त्याच गेल्या होत्या... मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली आणि सिग्नल पुन्हा लाल झाला.

झिंजमधल्या एका दवाखान्याच्या नोंदणी काउंटरवर ताईंनी तीस वर्षं लोकांची नावं लिहिली. मधल्या एका दीर्घ रजेत पुण्याला जाऊन त्या पौरोहित्य शिकून आल्या आणि इथे लग्नं लावू लागल्या. ज्यांना देवळातले गुरुजी 'बघू, विचारून सांगतो' म्हणत, ते त्यांच्याकडे येत. त्यात दुसरेपणाचे होते, जातीबाहेरचे होते, आणि अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मिळालेलेही होते. हॉटेलचा हॉल, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, नवरीच्या प्रवेशाला धूर सोडणारं यंत्र, यांपैकी कशाशीही त्यांचं भांडण नव्हतं. धुरामुळे पोथी दिसत नाही, एवढीच त्यांची तक्रार. मात्र आधी वकिलातीत नोटीस, मग नोंदणी आणि शेवटी अक्षता, हा क्रम त्यांनी कुणासाठी मोडला नाही. "लग्न मी लावते," त्या म्हणत, "पण नवरा-बायको तुम्ही काउंटरवर होता."

त्यांच्या या हट्टाचं मूळ मआमीरला गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मंगेशच्या प्रकरणात होतं. त्याचं लग्न गावी झालं. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, 'साक्षी', आणि तिथल्या गुरुजींनी उत्साहात दाखल्यावरही तेच लिहून टाकलं. पासपोर्टवर ती वनिता. इथल्या व्हिसाच्या काउंटरवरच्या साहेबाने मंगेशला शांतपणे विचारलं, "बायका किती? दोन?" व्हिसा अडकला तो अडकलाच. शेवटी वनिताला गावच्या तहसिलीत जाऊन, आपण म्हणजे आपणच आहोत असं शपथपत्र करून द्यावं लागलं. ताईंनी त्याचं अरबीत भाषांतर करून घेतलं तेव्हा भाषांतर करणाऱ्याला दोनदा वाटलं, की आपलंच काही चुकतंय.

तेव्हापासून तांदळाचं ताट आलं की ताई म्हणत, "नाव बदललं तर कागद परत येईल." मला एकदा म्हणाल्या, "अहो देशमुख, तत्त्व सांगितलं की पाहुणे जेवायला उठतात. कागद परत येईल म्हटलं की बसून राहतात."

हे शस्त्र बोथट झालेलं मी माझ्याच मुलीच्या लग्नात पाहिलं. केतकी इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. नवरदेवाच्या, मिहिरच्या आई नाशिकहून आल्या होत्या, निवृत्त मराठी शिक्षिका. सप्तपदी झाली, लक्ष्मीपूजनाला ताट आलं आणि त्या म्हणाल्या, "मैथिली लिही रे."

"कागद परत येईल," ताई म्हणाल्या.

"कागद तर मागच्या आठवड्यातच झाले ना? तिथे राहू दे की केतकी. तांदूळ कोण अटेस्ट करतंय?"

हॉल हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो, वाक्यच तसं होतं. मिहिर अंगठी हातात धरून, विमानतळावर दोनपैकी कुठली रांग आधी हलेल हे बघणाऱ्या माणसासारखा उभा. ताईंनी ताटावर आडवा हात ठेवला. "तांदळातलं कुणी तपासत नाही, म्हणूनच तर ते पुसलं जात नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव अशाच ताटात गेलं. पुढे जन्मात कुणी विचारलंसुद्धा नाही." तेव्हाही कुणी विचारलं नाही. मीही नाही. जेवण गार होत होतं.

केतकीने इंग्रजीत विचारलं, "मला मत आहे की नाही?" आणि उत्तराची वाट न पाहता मिहिरच्या हातातून अंगठी घेऊन ताईंचा हात हळूच बाजूला केला. जीभ दातांत धरून तिने लिहिलं, 'केतकि'.

"अगं, दीर्घ!" मिहिरच्या आई जवळजवळ ओरडल्या. "शेवटची वेलांटी दीर्घ!" चाळीस वर्षांची सवय. बांगड्या मागे सारून त्यांनी स्वतःच्या बोटाने ऱ्हस्व पुसली आणि ठसठशीत दीर्घ काढली. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

"झालं," ताई म्हणाल्या. "वरमाईंनी लिहिलं. आता खोडायचं तर अर्जही त्यांनीच करायचा." त्या बाईंनी आजवर अर्ज केलेला नाही. त्या केतकीला केतकीच म्हणतात, थोडं रागाने, पण दीर्घ.

ताईंच्या मृत्यूनंतरचे कागद नितीनने आणि मी मिळून केले. त्यांच्या कपाटातल्या फायलीत, सगळ्यात तळाशी, शाळा सोडल्याचा दाखला होता. विद्यार्थिनीचे नाव: द्रौपदी. नितीनने तो दोनदा वाचला. "बाबा धरून पाच भाऊ होते," एवढंच म्हणाला.

शोकसभेसाठी आमच्या मंडळाने फोटो मोठा करून घेतला होता. खाली सोनेरी अक्षरांत काय लिहायचं, ते विचारायला चिटणीस आले. मी म्हटलं, द्रौपदी लिहा.

"अहो, असं कसं? सगळे त्यांना सुनंदाताई म्हणून ओळखतात. ही कोण, ते लोकांना कळणारच नाही."

"मग विचारतील," मी म्हटलं. "तेवढंच राहिलं होतं."

नितीनने मान डोलावली. फोटो आता ताईंच्या घरात, त्यांच्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक जण खालचं नाव वाचतो, आणि विचारतो.