दुसऱ्या ताटाचे फोटो

रिकाम्या घरात पाहुणे जेवायला बसवणं ही एक कला आहे, आणि मला ती उत्तम साधली होती. लागतं काय? दोन ताटं, दोन खुर्च्या, दोन जॅकेटं. एक जॅकेट आपल्या अंगात. दुसरं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर असं टाकायचं, की त्याचा मालक हात धुवायला गेलाय असं वाटावं. दुसऱ्या ताटात वरणभात कालवून चार घास उरलेले दिसू द्यायचे, शेजारी पिळलेली लिंबाची फोड. मग इस्त्रीच्या टेबलावर तांदळाचा डबा ठेवायचा, त्याला फोन टेकवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि धावत येऊन हसत बसायचं. कॉलेजात मी नाटकांतून कामं केली होती. ते सगळं कसब शेवटी अमेरिकेत, अल्फारेटातल्या एका जेवणाच्या टेबलावर खर्ची पडलं.

प्रेक्षक दोनच, आणि दोघीही पुण्यात. २००७ च्या उन्हाळ्यात सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांना दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बायको मुलीला घेऊन परत गेली. मुलगी तिथल्या शाळेत आठवीत बसली. माझ्या ग्रीन कार्डचं घोंगडं भिजत पडलेलं, म्हणून मी राहिलो. मोठं घर सोडलं, सोफा आणि पलंग विकले, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये जमिनीवर गादी टाकली. जाताना बायकोनं सांगितलं होतं, एकट्याला जमत नसेल तर नुसतं तसं म्हण, मी येईन. आणि ती आली असती. आईला बाईच्या भरवशावर टाकून, विमानभर रडत, पण आली असती. म्हणून तिला कळू द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी हा सगळा प्रयोग.

दर शनिवारी मी एक फोटो ईमेलनं पाठवायचो. त्याआधी मेकअप. डाव्या कोपऱ्यातली गादी कापायची, चेहरा उजळायचा, डोळ्यांखालचं काळं पुसायचं. बायको फोनवर विचारायची, कोण आलं होतं? मी म्हणायचो, ऑफिसातला एक नागपूरचा. हा नागपूरकर हळूहळू मोठा होत गेला. त्याला तिखट लागायचं, तो पत्त्यांत चिडायचा, एकदा त्याचं पोटही बिघडलं. बायकोनं ओवा घ्यायला सांगितला. मी निरोप पोचवतो म्हणालो.

एक नियम मात्र मी मोडला नाही. तो मुलीचा होता. आजी, म्हणजे सासूबाई, एकदाच अमेरिकेला आली होती, आणि त्या वेळच्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो मी नीटनेटका करायला घेतला. केक मधोमध यावा म्हणून कडेची आजी कापली, आणि तोच फोटो सेव्ह केला. फोटोतली आजी गेली ती गेलीच. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन फोल्डर केले, ओरिजिनल आणि एडिटेड, आणि माझ्या मॉनिटरला पिवळी चिठ्ठी लावली: आधी कॉपी कर, मग काय ती कात्री चालव. घर बदललं तेव्हा मी ती चिठ्ठी तिथेही नव्यानं चिकटवली. त्यामुळे दर शनिवारी मी फोनमधले सगळे फोटो आधी ओरिजिनलमध्ये टाकायचो. एका चांगल्या फोटोसाठी दहा-बारा फसलेले असायचे. खुर्चीपर्यंत न पोचलेला मी. अर्धा बसलेला मी. आणि टायमर बंद करायला विसरलो की शेवटचा एक, हसू उतरल्यानंतरचा.

पुढच्या मार्चमध्ये मुलीनं डिस्कच मागितली. तिच्या शाळेचे, मैत्रिणींचे फोटो तिला हवे होते, आणि ते ईमेलनं जाण्यातले नव्हते. शेजारच्या मुलाची आई सहा महिने राहून पुण्याला परत निघाली होती. त्या काकूंनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली, बाथरूममधल्या काट्यावर ठेवली आणि वायरीकडे बोट करून म्हणाल्या, "ह्याच्यामुळे मला विमानतळावर धरलं ना, तर मी तुमचं नाव सांगणार."

मी म्हटलं, काकू, आत नुसते फोटो आहेत. शनिवारी दुपारी आणून देतो.

शनिवारी दुपारी डिस्क जोडली आणि आठ-नऊ महिन्यांचे ओरिजिनल निवडून डिलीट दाबलं. स्क्रीनवरच्या चौकटीत प्रश्न आला, नक्की ना? पुढे ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये खूप रंगवून सांगितली. काकू दारात उभ्या, गाडी सुरू, माझी धांदल, चुकीचं बटण. लोक पोट धरून हसायचे. खरं म्हणजे धांदल मुळीच नव्हती. मी त्या प्रश्नाकडे बराच वेळ बघत बसलो. त्या घरात मला कुणी काही विचारून बरेच महिने झाले होते. मग 'नाही' दाबलं, डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि नेऊन दिली.

आठवड्यानं, शनिवारी सकाळी, पुण्याहून फोन आला. मुलगी होती.

"बाबा, खुर्चीवरचं जॅकेट तुझंच आहे. बाही मीच जाळली होती, मार्शमेलो भाजताना."

मी म्हटलं, नागपूरकराला थंडी वाजत होती.

ती हसली नाही. तिनं सगळे फोटो ओळीनं पाहिले होते, एकामागून एक, वहीची पानं भराभर उलटावीत तसे. फक्त मधल्या फोटोत तू हसतोस, म्हणाली, आणि फोन आईकडे गेला.

बायकोच्या मागे वॉकरची टकटक ऐकू येत होती. सासूबाई गॅलरीपर्यंत जायला लागल्या होत्या, त्याच आठवड्यात.

"मी येऊ का?"

इतके दिवस पाठ केलेली वाक्यं तयार होती. एकही वापरलं नाही. मी म्हटलं, "नको. त्यांना चालू दे आधी. पण इथे करमत नाही गं."

"मग तसं सांगायचं. आणि आजपासून ओरिजिनल पाठवायचे."

फोन ठेवला. मी जेवायला वाढून घेतलं, एकच ताट. डबा ठेवला, टायमर लावला, येऊन बसलो. दहा सेकंद कसं बसावं तेच सुचेना. हात कुठे ठेवायचे, बघायचं कुठे? फोटो आला तो ताटाकडे बघतानाचा, मागे गादी, तिच्यावर न घडी केलेलं पांघरूण. डिस्क पुण्यात होती, म्हणून कॉम्प्युटरवरच ते दोन फोल्डर केले, चिठ्ठीप्रमाणे कॉपी केला, पाठवला. एडिटेडमध्ये टाकायला काही नव्हतं.

पाच मिनिटांत पुन्हा बायकोचा फोन.

"भात कोरडा दिसतोय. दही नाहीये का घरात?"

मी म्हटलं थांब, आणि फोन कानाला लावून फ्रिज उघडायला उठलो.