टिटवीचा कान

माझ्या भाचीला घरात सगळे टिटवी म्हणतात. पाळण्यात असल्यापासून तिचं हे असंच. कुठे दार बेसूर कुरकुरलं की ही किंचाळलीच. मला विचाराल तर पियानो आणि पत्र्याचा डबा यांतला फरक कळतो एवढंच माझं संगीत. पण तिचा बाप, म्हणजे माझा दादा, पियानो सुरात लावून देणारा. शाळा, हॉटेलं, शिकवण्या घेणाऱ्या बायका, सगळीकडे त्याचीच हत्यारांची पिशवी फिरायची. तार बसावी म्हणून एकच पट्टी तो दणादणा ठोकत राहायचा आणि माझं डोकं उठायचं.

टिटवीला विद्यापीठात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक संगीताचा विभाग, दुसरा कान तपासण्याचा अभ्यासक्रम, म्हणजे ते ऑडिओलॉजी. पहिल्यात तिचा जीव होता, दुसऱ्यात नोकरी होती. आठवड्यात काय ते ठरवायचं होतं. वहिनी म्हणाली, पोरीला आवडेल ते करू दे. मी म्हटलं, आवडीने चूल पेटत नाही. टिटवीने आमच्या दोघींकडे दुर्लक्ष केलं आणि म्हणाली, बाबा सांगतील तसं. आमच्या घरात दादाचा कान म्हणजे कोर्ट, त्यावर अपील नाही.

दादाने तिला आपल्या पियानोदुरुस्तीच्या दुकानात पियानोकडे पाठ करून बसवलं. तो एकेक पट्टी वाजवायचा आणि कुठली तार बिघडलीय ते तिने सांगायचं. खालचे आणि मधले सूर तिने फटाफट ओळखले. मग तो अगदी वरच्या पट्ट्यांवर गेला. तिथे ती अडली. हा चढा आहे, म्हणाली. हाही चढा आहे. दादाचा हात थांबला. "या तारा मी आज सकाळी लावल्यात," तो म्हणाला. ती म्हणाली, तरी चढ्याच आहेत.

"तुझा कान कच्चा आहे," दादा म्हणाला. "कच्च्या कानाने संगीतात जाशील तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभी राहशील. पोटापुरतं शीक. बाकी सगळी हौस."

ती रडली नाही. तिने बापावर विश्वास ठेवला, आणि ते रडण्यापेक्षा वाईट. त्याच आठवड्यात तिने कानांचा अभ्यासक्रम घेतला. त्याच आठवड्यात दादाने एक लहानसं यंत्रही विकत आणलं. सूर लागला की त्याची सुई मधोमध यायची. मी विचारलं तेव्हा म्हणाला, नवीन आलंय, बघू म्हटलं.

पोरीचं चांगलं झालं हो. कायमची नोकरी लागली, घर झालं. पण पुन्हा ती पियानोला शिवली नाही. घरात कुणाचा वाढदिवस असला की सगळे गातात आणि ही नुसते ओठ हलवते. ओट्यापाशीसुद्धा कधी गुणगुणत नाही. आपल्यामुळे गाणं बिघडेल अशी तिची खात्रीच झालेली. कामातली एकच गोष्ट ती मला हौसेने सांगायची. कानात घालायच्या यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय असते. कुणी वाजवणारा म्हातारा आला की त्याच्यासाठी ती सोय जुळवत ही जेवण विसरून बसायची.

दादाला हाका ऐकू येईनाशा झाल्या तेव्हा मीच त्याला ओढत तिच्या दवाखान्यात नेलं. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. ऐकू येतं मला, तुम्हीच पुटपुटता, असं वाटभर चाललेलं. जाड दाराच्या खोलीत टिटवीने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. खालच्या आवाजांना तो दाबत होता. आवाज वर वर जात गेले आणि त्याचा अंगठा नुसता बटणावर पडून राहिला.

तिने हेडफोन काढले. त्याच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "बाबा, हे नुसतं वयाने झालेलं नाही. हे ठोकण्याने झालंय, आणि फार जुनं आहे. कधीपासून?"

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या त्या परीक्षेच्या आधीपासून असेल," तो म्हणाला. "मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी यंत्र आणलं, सुई लावून बघितली. तुझं बरोबर होतं."

"प्रवेशाला तेव्हा चार दिवस बाकी होते."

"मग काय गावभर सांगू? पियानोवाल्याचा कान गेला म्हटल्यावर कोण बोलावणार होतं? तुझी फी त्या दुकानातूनच गेली. आणि तुझं काय वाईट झालंय? पक्की नोकरी आहे."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण म्हणत होतं, शेताचं काय बिघडलं? मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. सख्खा भाऊ आहे, पण वाटली.

टिटवी उठली. तिने कपाटातून यंत्र काढलं, त्याच्या कानात नीट बसवलं, संगणकावर काहीतरी जुळवलं. दादा खोकला आणि स्वतःच्याच खोकल्याने दचकला. मग हसला. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा उघडला होता.

"वरच्या पट्ट्या ऐकू येतील?" त्याने विचारलं. "दुकान बंद झालं, पण पियानो आहे अजून. रोज बसतो मी त्याच्यापाशी. नुसतं लाकूड वाजतं."

"बोलणं ऐकू येईल," ती म्हणाली.

मी न राहवून म्हटलं, "अगं, ती संगीताची सोय असते ना यात? ती लाव की."

तिने संगणक बंद केला. माझ्याकडे पाहिलंच नाही. बापाकडे बघून, ओरडायची आता गरज नव्हती म्हणून, हळू आवाजात म्हणाली, "पोटापुरतं ऐकू आलं म्हणजे झालं, बाबा. बाकी सगळी हौस."

दादाला ते स्वच्छ ऐकू आलं.