सबवूफरवर आईचा हात

मी शहरात, राजापेठेत, अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. तेव्हा माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

आधी आमच्या घरची एक पद्धत सांगतो. मी लहान असताना टायफॉइडनंतर आईचे कान गेले. तिला हाक मारून उपयोग नाही, म्हणून आम्ही जमिनीवर पाय आपटायचो. ते तिला तळपायातून कळायचं, आणि कोण बोलावतंय हेही कळायचं. बाबांची खूण ठरलेली होती — टाचेचे दोन जड ठोके, मग एक हलका.

मागच्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली. बाबा मात्र गावी, तेल्हाऱ्यालाच राहिले. "संत्र्याची झाडं सोडून तिथं काय करू मी?" असं म्हणायचे. इथे आईचा विरंगुळा एकच... होम थिएटरचा सबवूफर, म्हणजे जड, घुमणाऱ्या आवाजाचा डब्यासारखा स्पीकर. भजन लावून द्यायचं, की ती डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटून बसायची. तेच तिचं ऐकणं.

मग तो सबवूफर फरफरायला लागला. स्पीकरचा थरथरणारा कागदी कोन असतो, त्याच्या कडेची फोमची रिंग कुजली होती. नवी रिंग आणली आणि रविवारी सकाळी स्पीकर डब्यातून काढून हॉलमध्ये पेपरवर मांडला. तारा कापल्या. जुना फोम खरवडणं फार चिकट काम, त्यात मी आळशी. मध्ये चहा, मध्ये पेपर. आई दोनदा येऊन विचारून गेली, "चिटकवला का रे?" शेवटी जेवणानंतर रिंग चिकटवली आणि सुकायला ठेवली.

थोड्या वेळाने आईने सुकलं का पाहायला कोनवर हळूच हात ठेवला. आणि तिचा चेहराच बदलला.

"तुहे बाबा बोलावून राहिले," ती म्हणाली.

मी हसलो. तिला कापलेल्या तारा दाखवल्या. रस्त्यावरच्या गाड्यांची थरथर असेल, असं खुणेने समजावलं. ती म्हणाली, "गाड्या मले समजत नाही का? दोन जड, एक हलका. फोन लाव त्याईले."

मीही हात ठेवून पाहिला. काही नाही, अगदी काहीच नाही.

बाबांनी फोन उचलला नाही. आई कोनवरचा हात काढायला तयार नव्हती, म्हणून निव्वळ तिच्या समाधानासाठी मी शेजारच्या शेतातल्या सुधाकरकाकांना फोन करून बाबांना बघून यायला सांगितलं. त्यांचा उलटा फोन आला तेव्हा ते धापा टाकत होते. "बाबू, बाबा झाडाखाली पडले आहेत रे. जित्ते आहेत, पण बोलता नाही येऊन राहिलं."

बाबांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, मोबाईल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहिला होता. काकांनी त्यांना अकोल्याला नेलं आणि आम्ही इकडून निघालो. दवाखान्यात काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "डावी टाच आपटू आपटू खड्डा पाडला होता रे त्याईनं मातीत." आईला जाणवलेल्या ठोक्यांबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच झालं असावं, फार उशीर झाला. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. आई त्यांच्या डाव्या पायाला धरून बसली होती.

शंभरावर किलोमीटरवरून ठोके येऊ शकत नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नाही. मी तेच शिकवतो. योगायोग म्हणावा, तर नेमकी त्याच दिवशी, नेमकी बाबांचीच खूण तिला कशी कळली?

तेरवी झाल्यावर मी स्पीकर जोडायला बसलो. आई समोर येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होत नाही.

"ते सकाळपासून बोलावत असतीन," ती म्हणाली. "तू खोलून ठेवला होता."